कॅमेरा, क्रांती आणि दोन दुष्काळ

सोव्हिएत चित्रपटाचा विषय निघाला की चळवळीतील मंडळींची चर्चा बहुधा आयझेनस्टाइन आणि पुदोव्हकिन या दोन नावांपाशी सुरू होते व तेथेच थांबते. हे दोघे थोर होते यात शंका नाही. परंतु त्यांच्याच काळात, त्यांच्याच शेजारच्या खोल्यांतून आणखी एक काम चालू होते. त्या कामात नट नव्हते, नेपथ्य नव्हते, रचलेली कथा नव्हती. कॅमेरा खांद्यावर टाकून बाजारात, खाणीत, रेल्वेच्या यार्डात, दुष्काळग्रस्तांच्या अन्नछत्रात शिरावयाचे आणि तेथे जे दिसेल ते टिपून लोकांपुढे ठेवावयाचे, असे ते काम होते. सोव्हिएत वृत्तपट आणि अनुबोधपट यांचा हा प्रारंभीचा इतिहास चित्रपटरसिकांपेक्षा पक्षकार्यकर्त्यांनी अधिक काळजीपूर्वक वाचावयास हवा. कारण त्यातील मुख्य प्रश्न कलेचा नाही, राजकारणाचा आहे. श्रमिकांच्या पक्षाने स्वतःसाठी घडवलेला डोळा जेव्हा पक्षालाच नकोसे असलेले काही दाखवू लागतो, तेव्हा तो पक्ष काय करतो, हा तो प्रश्न होय.

दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. जून १९२२ मध्ये झिगा व्हर्टोव्ह याच्या 'किनो-प्रावदा' या चित्रपत्रिकेचा पहिला अंक मॉस्कोत पडद्यावर आला. त्याच्या आरंभीच व्होल्गा खोऱ्यातील भुकेने खंगलेली मुले दिसतात आणि त्यांना वाचवा अशी हाक दिलेली आहे. क्रांती होऊन पाच वर्षेही लोटली नव्हती. यादवी युद्ध, अवर्षण आणि सक्तीची धान्यवसुली यांनी मिळून सुमारे पन्नास लाख माणसांचा बळी घेतला होता, आणि नवे सरकार ती भूक आपल्याच पडद्यावर दाखवत होते. पुढे १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, उत्तर कॉकेशस आणि पुन्हा व्होल्गा खोरे येथे दुसरा दुष्काळ पडला. त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. त्या दुष्काळाचे एकही दृश्य सोव्हिएत पडद्यावर आले नाही. खारकोव शहराच्या रस्त्यांवर पडलेल्या प्रेतांची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील बरीचशी तेथे नोकरीस असलेल्या अलेक्झांडर वीनरबर्गर या ऑस्ट्रियन अभियंत्याने चोरून घेतली व देशाबाहेर नेली.

दोन्हींमधील अंतर अवघ्या दहा वर्षांचे. या दहा वर्षांत देशातील कॅमेरे वाढले, छायालेखक अधिक तरबेज झाले, चित्रपटाला ध्वनी मिळाला, आणि तरीही डोळा मिटला. तो कसा मिटला, हे पाहणे अगत्याचे आहे.

झारच्या पदरचा कॅमेरा

रशियात कॅमेरा आला तो राजाच्या मिरवणुकीसाठी. मे १८९६ मध्ये दुसऱ्या निकोलसचा राज्याभिषेक चित्रित करण्यास फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची माणसे मॉस्कोस गेली होती. समारंभानंतर काही दिवसांनी खोडिंका मैदानावर राजाच्या भेटवस्तू घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्याप्रमाणेच १,३८९ माणसे मेली. त्या प्रसंगाचेही आपण चित्रण केले होते, परंतु पोलिसांनी ते जप्त केले, असे त्या पथकातील फ्रान्सिस डुब्लिए याने पुढे सांगितले. राज्याभिषेकाचे चित्र जगभर फिरले. प्रेतांचे चित्र कोणी पाहिले नाही. पुढील वीस वर्षे हाच शिरस्ता राहिला. राजघराण्याचे स्वतःचे छायालेखक होते. त्यांनी राजपुत्राचे खेळ, सैन्याच्या पाहण्या आणि नौकाविहार टिपले. पहिल्या महायुद्धात आघाडीवरील चित्रणाचा मक्ता स्कोबेलेव्ह समितीकडे सोपवण्यात आला आणि खंदकांत सडणारा सैनिक पडद्यावर कधीच आला नाही.

या राजनिष्ठ चित्रफितींचे पुढे काय झाले, ही कथा मोठी उद्बोधक आहे. एस्फिर शुब ही परदेशी चित्रपटांची काटछाट करून ते सोव्हिएत प्रेक्षकांसाठी जुळवून घेण्याचे काम करणारी संकलक होती. संकलनाचे प्रारंभीचे काही धडे आयझेनस्टाइनने तिच्या टेबलापाशी बसून घेतले होते. तिने तळघरांत कुजत पडलेली सुमारे ६० हजार मीटर जुनी फिल्म पाहून काढली आणि फेब्रुवारी क्रांतीच्या दशवर्षपूर्तीसाठी १९२७ मध्ये 'रोमानोव्ह घराण्याचे पतन' हा चित्रपट सिद्ध केला. झारच्याच माणसांनी झारच्याच कौतुकासाठी घेतलेल्या चित्रांतून झारशाहीचे आरोपपत्र तयार झाले. नौकेच्या डेकवर उमराव मंडळी घाम येईपर्यंत नाचतात व रुमालाने कपाळ टिपतात. लगेच पुढे मातीत राबणारे मजूर घाम पुसताना दिसतात. शुबने यात एकही खोटे दृश्य घातले नाही. तिने दोन खरी दृश्ये शेजारी ठेवली. चित्र कोणी घेतले यापेक्षा ते कोण पाहतो आणि कशाशेजारी ठेवून पाहतो, यावर त्याचा अर्थ ठरतो, हे तिने सिद्ध केले. हा नियम पुढे क्रांतीच्या सरकारलाही लागू पडावयाचा होता.

फिल्म नसलेल्या देशातील चित्रपट

क्रांतीने चित्रपटाला काय दिले, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २७ ऑगस्ट १९१९ रोजी लेनिनच्या सहीने चित्रपटधंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु राष्ट्रीयीकरण करावयास हाती होते तरी काय? जुने निर्माते यंत्रे घेऊन दक्षिणेकडे व परदेशी पळाले होते. कच्ची फिल्म देशात तयारच होत नसे. ती १९३१ मध्ये होऊ लागली. परदेशातून फिल्म व यंत्रे आणण्यासाठी १९१८ मध्ये चिब्रारिओ नावाच्या एका दलालाच्या भरवशावर न्यूयॉर्कच्या बँकेत दहा लाख डॉलर ठेवले गेले आणि त्याने त्या पैशाचा अपहार केला. उपाशी देशाच्या तिजोरीतून गेलेली ही रक्कम होती.

अशा स्थितीत जून १९१८ पासून 'किनो-नेदेल्या' हा साप्ताहिक वृत्तपट निघू लागला व वर्षभर चालला. त्याच्या कचेरीत बावीस वर्षांचा एक तरुण कामाला लागला. बियालिस्टोक गावच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा डेव्हिड कॉफमन म्हणजेच पुढचा झिगा व्हर्टोव्ह. प्रचारगाड्या आणि व्होल्गा नदीवरील प्रचारनौका यांतून वृत्तपट खेडोपाडी गेले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात चित्रपट पाहिला नव्हता, त्याने पहिल्याच वेळी पडद्यावर पाहिले ते आपल्यासारखेच शेतकरी, सैनिक आणि कामगार. राजाच्या मिरवणुकीसाठी आलेला कॅमेरा श्रमिकाकडे वळला, हे या क्रांतीचे खरे देणे होते आणि ते कोणालाही नाकारता येणार नाही.

व्हर्टोव्ह, त्याचा भाऊ मिखाइल कॉफमन आणि त्याची सहधर्मचारिणी व संकलक एलिझावेता स्विलोवा या तिघांनी १९२२ ते १९२५ या काळात 'किनो-प्रावदा'चे २३ अंक काढले. 'प्रावदा' म्हणजे सत्य. पक्षाच्या मुखपत्राचेच नाव त्यांनी पडद्यावर आणले. त्यांचा आग्रह असा की, नटांकडून जीवनाची नक्कल करवून घेण्याची गरज नाही. जीवन जसे चालले आहे तसे नकळत टिपावे आणि मग संकलनाच्या बळावर उघड्या डोळ्यांना न दिसणारे संबंध दाखवावेत. १९२४ च्या 'किनो-ग्लाझ'मध्ये दुकानातील मांस उलट्या गतीने मागे मागे जात पुन्हा जिवंत बैल होते आणि पाव मागे जात जात पुन्हा शेतातील धान्य होतो. वस्तूच्या मागे दडलेले श्रम दाखविण्याची याहून सोपी रीत कोणत्याही अभ्यासवर्गाला आजवर सापडलेली नाही.

तथापि याच चित्रपत्रिकेच्या पहिल्या अंकांत आणखी एक गोष्ट आहे आणि समाजवाद्यांनी ती विसरता कामा नये. १९२२ च्या जून ते ऑगस्ट या काळात मॉस्कोत समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या पुढाऱ्यांवर खटला चालला. बारा जणांना देहदंड सुनावण्यात आला व त्याची अंमलबजावणी तहकूब ठेवली गेली. आरोपी झारशाहीविरुद्ध लढलेले समाजवादीच होते. 'किनो-प्रावदा'ने त्या खटल्याचे चित्रण अंकामागून अंक दाखवले. मात्र कॅमेरा उभा होता तो फिर्यादी पक्षाच्या बाजूस. भुकेल्या मुलांचे सत्य आणि राजकीय विरोधकांविरुद्धचा प्रचार ही दोन्ही एकाच पत्रिकेत, एकाच उत्साहाने नांदत होती. व्हर्टोव्हच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विरोधकांची बाजू पडद्यावर येण्याचा मार्ग बंद होतो, तेव्हा उद्या आपलीही बाजू बंद होऊ शकते, हे त्याला त्या वेळी दिसले नाही.

पटकथा मागणारे कार्यालय

ते दिसावयास फार काळ लागला नाही. १९२६ मध्ये मॉस्को सोव्हिएतने निवडणुकीच्या निमित्ताने आपल्या कामाचा अहवाल म्हणून व्हर्टोव्हकडून 'पाऊल टाक, सोव्हिएत!' हा चित्रपट करवून घेतला. त्याने रस्ते, यंत्रे, दवाखाने आणि बेघर मुले दाखवली. सभा आणि पुढारी यांचे दर्शन घडवले नाही. ज्यांनी काम दिले होते त्यांनीच हात वर केले. त्याच वर्षी त्याने सरकारी व्यापारसंस्थेसाठी 'जगाचा सहावा हिस्सा' हा चित्रपट केला. त्यावरील अवाढव्य खर्च, आणि पुढील चित्रपटासाठी आगाऊ पटकथा देण्यास त्याचा नकार, या दोन कारणांनी जानेवारी १९२७ मध्ये सोव्हकिनो या मध्यवर्ती संस्थेने त्याला कामावरून काढले.

खर्चाची तक्रार खोटी नव्हती. गरीब देशाच्या संस्थेने हिशेब मागावा हे रास्तच होय. परंतु पटकथेची मागणी ही निराळी बाब आहे. नाट्यमय चित्रपटाची पटकथा आधी लिहिता येते, कारण त्यातील घटना लेखकाच्या हाती असतात. अनुबोधपटाची पटकथा आधी मागणे म्हणजे खाणीत उतरण्यापूर्वीच खाणीत काय दिसणार हे लिहून द्या असे सांगणे. लिहून दिल्याबरहुकूमच दिसावयाचे असेल तर उतरण्याची गरज काय? ज्या सरकारने कॅमेऱ्याला जग पाहण्यास पाठविले, त्याच सरकारचे कार्यालय आता काय दिसावे हे टेबलावर ठरवू लागले होते. बंदीपेक्षा ही गोष्ट अधिक घातक असते. बंदी घातलेला चित्रपट निदान पेटीत शिल्लक राहतो; आधीच ठरवून घेतलेला चित्रपट कधी जन्मासच येत नाही.

व्हर्टोव्ह युक्रेनमध्ये गेला. तेथील 'व्हुफकु' या स्वतंत्र संस्थेने त्याला आसरा दिला आणि १९२९ चा 'चलच्चित्र-कॅमेरावाला माणूस' तेथे तयार झाला. कीव्ह, ओडेसा, खारकोव व मॉस्को यांच्या चित्रणातून एका शहराचा दिवस त्याने उभा केला. त्यात कॅमेरामन दिसतो, संकलनाच्या टेबलावर फितीचे तुकडे जोडणारी स्विलोवा दिसते आणि तोच चित्रपट पाहणारे प्रेक्षकही दिसतात. चित्रपट ही जादू नसून श्रमाने घडवलेली वस्तू आहे, हे चित्रपटातच सांगून टाकणारी ही कृती होय. १९३० मध्ये 'व्हुफकु'चे स्वातंत्र्य संपले. १९३४ पर्यंत समाजवादी वास्तववादाचे सूत्र अधिकृत झाले आणि 'वास्तव' म्हणजे काय ते ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांना नकळत टिपलेले वास्तव नको होते. त्याच वर्षीच्या 'लेनिनविषयी तीन गीते' या व्हर्टोव्हच्याच चित्रपटाची १९३८ मध्ये पुन्हा काटछाट करून त्यात स्टॅलिन वाढवण्यात आला. व्हर्टोव्हला तुरुंग घडला नाही. त्याला निरुपयोगी करण्यात आले. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्याने ठरीव साच्याचे वृत्तपट जोडण्यात घालवली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये तो वारला. त्याला या क्षेत्रात आणणाऱ्या मिखाइल कोल्त्सोव्ह या पत्रकाराला १९४० मध्ये गोळी घालण्यात आली होती.

खोट्याचे अस्सल चित्रण

येथे कोणी म्हणेल की, निदान कॅमेरा खोटे बोलत नाही. जे चित्रित झाले ते तरी खरे. या समजुतीला याकोव्ह पोसेल्स्की याचा '१३ दिवस' हा बोलपट सडेतोड उत्तर देतो. १९३० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'औद्योगिक पक्ष' या कथित कटाचा खटला मॉस्कोत चालला. आठ अभियंते आणि तज्ज्ञ यांनी भर न्यायालयात, दिव्यांच्या झोतात, स्वतःच्या आवाजात गुन्हे कबूल केले. कॅमेऱ्याने ते शब्दशः टिपले. नट नाहीत, नेपथ्य नाही. आणि तरीही ज्या पक्षाचा कट म्हणून हा खटला चालला, तो पक्ष अस्तित्वातच नव्हता. मुख्य आरोपी रामझिन याची फाशी रद्द झाली आणि १९४३ मध्ये त्यालाच स्टॅलिन पारितोषिक मिळाले. सर्गेइ लोझनित्सा याने २०१८ मध्ये हेच जुने चित्रण 'खटला' या नावाने जगापुढे मांडले तेव्हा, शुबने झारच्या फितींचे जे केले तेच आता क्रांतीच्या राज्याच्या फितींचे झाले.

व्हिक्टर श्क्लोव्हस्की या समीक्षकाने व्हर्टोव्हवर १९२६ मध्येच आक्षेप घेतला होता की, त्याच्या चित्रांना स्थळ, काळ आणि नाव नसते. आणि स्थळकाळाची नोंद गेली की वृत्तपटाचा प्राणच जातो. हा आक्षेप कोरडा वाटतो, पण तो मूलगामी आहे. चित्र खरे असणे पुरेसे नाही. ते कोठले, केव्हाचे आणि कोणाचे हे विचारण्याची सोय प्रेक्षकाला असली पाहिजे, आणि 'हे असे नव्हते' असे उठून सांगण्याची मुभा चित्रातील माणसाला असली पाहिजे. १९३० च्या न्यायालयात आणि १९३३ च्या खेड्यात ही मुभा कोणालाच नव्हती.

रुळांवरील चित्रपटगृह

अशी मुभा देऊ पाहणारा एक प्रयत्न मात्र झाला. अलेक्झांडर मेदवेदकिन याने २५ जानेवारी १९३२ रोजी तीन डब्यांची चित्रपटगाडी रुळांवर आणली. प्रयोगशाळा, संकलनाची टेबले, प्रक्षेपण यंत्र आणि ३२ माणसांची निवास-व्यवस्था, सारे त्या डब्यांतच होते. आज चित्रण करावयाचे, उद्या दाखवावयाचे, असा तिचा क्रम. २९४ दिवसांत या गाडीने सुमारे ७० छोटे चित्रपट केले. क्रिव्होय रोगच्या लोहखाणीत मेदवेदकिनच्या माणसांनी कामगारांच्या राहण्याच्या खोल्यांची दुर्दशा टिपली, ती त्याच कामगारांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवून दाखवली आणि दिवे लागताच चर्चा घेतली. चित्रपट संपला की काम संपले असे येथे नव्हते. येथे काम तेव्हा सुरू होई. ज्याचे चित्र घेतले तोच पहिला प्रेक्षक आणि पहिला टीकाकार, ही कल्पना त्या काळी जगात दुसरीकडे कोठे एवढ्या पद्धतशीरपणे राबविली गेल्याचे दिसत नाही.

परंतु या प्रयोगाची सीमाही स्पष्ट होती. गाडीला फोरमनची झाडाझडती घेता येई, शेतीसंस्थेच्या अध्यक्षाचा आळस चव्हाट्यावर आणता येई. मॉस्कोत ठरलेल्या धान्यवसुलीच्या आकड्याला हात लावता येत नसे. ही गाडी युक्रेनमध्ये फिरली ते वर्ष १९३२ होते. जानेवारी १९३३ मध्ये उपाशी शेतकऱ्यांना युक्रेन व कुबान सोडून जाण्यासही मनाई करण्यात आली. परदेशी धान्य पाठविणे मात्र चालूच राहिले. खालच्यांवर टीका करण्याचे स्वातंत्र्य आणि वरच्यांवर टीका करण्याचे स्वातंत्र्य यांत केवढे अंतर असते, हे त्या एका वर्षात मोजता येते.

मेदवेदकिनची कल्पना मेली नाही. १९६७ मध्ये फ्रान्समधील बेझाँसोन येथे रोदियासेता कापडगिरणीचा संप झाला. ख्रिस मार्कर याने त्यावर अनुबोधपट केला आणि तो कामगारांना दाखवला. कामगारांनी कौतुक करण्याऐवजी त्यालाच धारेवर धरले. यात आमचे दैन्य तेवढे दिसते, संघटना दिसत नाही, स्त्रिया दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मार्करने कॅमेरे त्यांच्या हाती दिले. त्या कामगारांनी आपल्या मंडळाला 'मेदवेदकिन गट' असे नाव घेतले आणि १९६९ मध्ये घड्याळाच्या कारखान्यातील एका स्त्री-कामगाराच्या संघटनकार्यावर स्वतःचा चित्रपट काढला. ज्या देशात पक्ष अनेक होते, संपाचा हक्क होता आणि टीका करणाऱ्याला तुरुंगाची भीती नव्हती, तेथे मेदवेदकिनची कल्पना तिच्या जन्मभूमीपेक्षा अधिक पुढे गेली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तीन सोयीस्कर उत्तरे

या इतिहासाबद्दल तीन प्रकारची मते आढळतात. पहिले मत उजव्यांचे: हा सारा पहिल्यापासूनच प्रचार होता, त्यात सत्य नव्हतेच. हे खरे असते तर १९२२ ची भुकेली मुले पडद्यावर आलीच नसती. दुसरे मत जुन्या निष्ठावंतांचे: देशाला शत्रूंचा वेढा होता, दुबळेपणा दाखवून कसे चालले असते? याचे उत्तर पहिल्या दुष्काळातच आहे. १९२१-२२ मध्ये वेढा अधिक आवळलेला होता, सरकार अधिक दुबळे होते. तरीही गॉर्कीने जगाकडे मदत मागितली, अमेरिकेची मदत-संस्था आणि नान्सेन यांना देशात येऊ देण्यात आले आणि लक्षावधी प्राण वाचले. दुसऱ्या वेळी दुष्काळच नाकारला गेला आणि मदतीचा मार्गही त्याबरोबर बंद झाला. दुबळेपणा लपविण्याची किंमत सरकारने दिली नाही. ती शेतकऱ्यांनी दिली. तिसरे मत कलावंतांचे: राजकारण जाऊ द्या, व्हर्टोव्हचे तंत्र पाहा. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने २०१४ मध्ये घेतलेल्या कौलात त्याचा १९२९ चा चित्रपट जगातील सर्वश्रेष्ठ अनुबोधपट ठरला, हे योग्यच झाले. पण ज्या मनुष्याने आयुष्यभर 'चित्राचे सत्य' हाच शब्द उच्चारला, त्याच्या सत्याचे काय झाले हे न विचारता केवळ त्याच्या तंत्राची आरती करणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा निरुपयोगी करणे होय.

लंडनमार्गे मुंबईला

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो आणि तोही बोलका आहे. व्हिक्टर तुरिन याच्या 'तुर्कसिब' या १९२९ च्या रेल्वेबांधणीवरील चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती जॉन ग्रिअर्सन याने तयार केली. ब्रिटिश अनुबोधपटाच्या या जनकावर सोव्हिएत चित्रपटांचा मोठा प्रभाव होता. त्याचाच सहकारी अलेक्झांडर शॉ १९४० मध्ये युद्धप्रचारासाठी मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्डाचा पहिला प्रमुख झाला, आणि पुढे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभे राहिले ते याच घडीवर. म्हणजे मॉस्कोची परंपरा येथे आली ती लंडनच्या सरकारी कचेरीतून गाळून. बांधकामाचा उत्साह आला, सरकारी खर्चाची सोय आली. प्रेक्षकाने उठून उत्तर देण्याची मेदवेदकिनची पद्धत मात्र वाटेत गळाली. चित्रपटगृहांवर मुख्य चित्रपटापूर्वी सरकारी अनुबोधपट दाखविण्याची सक्ती होती आणि प्रेक्षक ती निमूटपणे सोशीत. या संस्थेत काही चांगले, धीट चित्रपटही निघाले. परंतु १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत तिच्याकडून वीसकलमी कार्यक्रमाचे गोडवे गाऊन घेण्यात आले, तेव्हा थांबविण्यास कोणतीच आतली भिंत नव्हती. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पटकथा मागणारे कार्यालय कोणत्या झेंड्याखाली चालते याला फारसे महत्त्व नसते, एवढे यावरून कळावे.

आज कच्च्या फिल्मची टंचाई कोणालाच नाही. प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि मोर्चाचे चित्रण मोर्चा संपण्यापूर्वीच जगभर जाते. म्हणूनच या जुन्या इतिहासातील काही नियम संघटनेच्या व्यवहारात आणण्याची वेळ आली आहे. जे चित्र पक्ष किंवा संघटना प्रसृत करील त्यावर स्थळ, तारीख आणि प्रसंग यांची नोंद असलीच पाहिजे. ज्या वस्तीचे, ज्या संपाचे चित्रण असेल ते आधी त्या वस्तीत, त्या संपकऱ्यांत दाखवले पाहिजे आणि त्यांनी काढलेली चूक दुरुस्त केली पाहिजे. आणि सर्वांत अवघड नियम हा की, सभेत रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या, फुटलेला संप, आपल्याच ताब्यातील सहकारी संस्थेत थकलेली मजुरी, हेही कॅमेऱ्याने पाहिले पाहिजे आणि पक्षाने ते पाहून घेतले पाहिजे.

जून १९२२ मध्ये एका नवजात, उपाशी, वेढलेल्या राज्याला हे धैर्य झाले होते. अकरा वर्षांनी, कितीतरी बलाढ्य झालेल्या त्याच राज्याला ते झाले नाही. समाजवादाचे सामर्थ्य मोजावयाचे असेल तर पोलादाच्या उत्पादनाबरोबर हेही एक माप हाताशी ठेवले पाहिजे.